कळ दाबताना हाताला कळ का येते?

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रावर हात बसवलेल्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. सुरुवातीच्या दिवसांत कागदावर सगळी अक्षरे सारखी काळी उमटत नसत. तर्जनीने दाबलेले अक्षर ठसठशीत, करंगळीने दाबलेले फिकट. सर मागून येत, फिकट अक्षरांवर पेन्सिलने गोल काढत आणि म्हणत, ‘करंगळीला जोर द्या.’ करंगळी बिचारी जोर द्यायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत हात भरून यायचा.

आता टंकलेखनाच्या परीक्षा संगणकावर होतात. सरकारी लिपिक-टंकलेखकाला आजही मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. पण अक्षर किती काळे उमटेल, हे बोटाच्या जोरावर अवलंबून राहिलेले नाही. संगणकाला बटण दाबले गेले एवढेच कळते, किती जोराने दाबले ते कळत नाही. तरीही हात भरून येण्याची तक्रार काही संपली नाही.

माझी एक मैत्रीण भाषांतराचे काम करते. दिवसाचे सहा-सात तास मराठीत टायपिंग. मागच्या वर्षी तिने हौसेने मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. बटणे भक्कम, आवाज छान, शिवाय ‘टायपिंग करणाऱ्यांसाठी उत्तम’ अशी शिफारस. तीन आठवड्यांत तिचा उजवा हात कोपराखाली दुखू लागला, करंगळी तर दिवस संपायच्या आत दमायची. कीबोर्ड विकून टाकायच्या बेतात असताना तिला कुणीतरी सांगितले, ‘आतल्या स्प्रिंगा बदलता येतात.’ मग आम्ही दोघींनी त्या बटणाच्या आत डोकावायचे ठरवले.

बटणाच्या पोटात

कार्यालयांत मिळणारे नेहमीचे स्वस्त कीबोर्ड आतून रबराचे असतात. प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी टोपी असते. बटण दाबले की ती टोपी अचानक बसते आणि खालच्या पातळ पडद्यांवरची वीजवाहक टिंबे एकमेकांना टेकतात. ही भेट जवळजवळ तळाशीच होते, म्हणून अक्षर उमटण्यासाठी बटण तळापर्यंत दाबावे लागते. वर्षानुवर्षे हेच कीबोर्ड वापरल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या बोटांना तळ गाठण्याची सवय जडली आहे.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. प्लास्टिकच्या डबीचे वरचे आणि खालचे असे दोन अर्धे, मध्ये वरखाली सरकणारा दांडा, बाजूला तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी आणि दांड्याखाली एक स्प्रिंग. चेरी या कंपनीचे ‘एमएक्स’ हे स्विच १९८० च्या दशकात आले आणि आज बाजारातल्या बऱ्याच स्विचची रचना त्यांच्यावरच बेतलेली आहे. त्यातला लाल रंगाचा स्विच २ मिलिमीटर दाबला की अक्षराची नोंद होते. पूर्ण प्रवास मात्र ४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे निम्म्या वाटेवरच काम झालेले असते. पुढचे २ मिलिमीटर बोटाला थांबायला मिळालेली जागा आहे. ही जागा वापरता येते की नाही, हे बरेचसे स्प्रिंगवर ठरते.

नोंद होण्याच्या क्षणी लागणारा जोर लाल स्विचमध्ये ४५ सेंटिन्यूटन, तर काळ्या स्विचमध्ये ६० असतो. एक सेंटिन्यूटन म्हणजे साधारण एक ग्रॅम वजन बटणावर ठेवल्याइतका जोर, त्यामुळे बोलण्यात सगळे ‘४५ ग्रॅमचा स्विच’, ‘६० ग्रॅमचा स्विच’ असेच म्हणतात. लाल आणि काळ्या या दोन स्विचची रचना जवळजवळ सारखीच आहे. बोटाला जाणवणारा मोठा फरक त्या एका स्प्रिंगचा.

रॉबर्ट हूकचा नियम

रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, तिकडे इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम छापला. पण अक्षरांची उलटापालट करून, कुणाला वाचता येऊ नये असा. उलगडा त्याने १६७८ मध्ये केला : जितका ताण, तितका जोर. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट जोर दोन मिलिमीटरला लागतो. कीबोर्डमधली साधी स्प्रिंग आजही हाच नियम पाळते.

स्प्रिंगचा ताठरपणा कशावर ठरतो? तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. यात जाडीचा हिशेब विलक्षण आहे. तार नुसती दहा टक्के जाड केली की ताठरपणा जवळपास दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणून हलकी आणि जड स्प्रिंग शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो. वेटोळी वाढवली की स्प्रिंग मऊ होते.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि खरेदी करणारे इथेच फसतात. स्विचमध्ये बसवताना स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली असते. लांब स्प्रिंग त्याच जागेत कोंबायची तर ती जास्त दाबावी लागते, म्हणून बटणाला हात लावताच तिचा विरोध जाणवतो.

समजा, दोन स्प्रिंगांच्या पाकिटांवर ‘६० ग्रॅम’ लिहिले आहे आणि दोन्हींचा अर्थ ‘तळाला ६०’ असा आहे. पहिली आखूड आहे. ती ३० ग्रॅमपासून सुरू होते आणि चार मिलिमीटरमध्ये ६० वर पोचते. दुसरी लांब, पण मऊ. ती ४८ पासून सुरू होऊन ६० वर पोचते. दोन मिलिमीटरवर, जिथे अक्षर उमटते, तिथे पहिलीला लागतात ४५ ग्रॅम आणि दुसरीला ५४. आकडा एकच, अनुभव वेगळा. पहिलीत बोट सुरुवातीला सहज जाते आणि तळाशी जाता जाता विरोध वाढतो. दुसरीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच विरोध, पण सुटल्यावर बटण झटकन वर येते. त्यातच काही विक्रेते अक्षर उमटतानाचा आकडा छापतात आणि काही तळाचा. म्हणून पाकीट घेताना दोन प्रश्न विचारायचे : हा आकडा कुठला, आणि स्प्रिंगची लांबी किती?

बोट किती जोर लावते?

आता मुद्दा आरोग्याचा. बटणाला ४५ ग्रॅम पुरत असतील तर बोट ४५ च लावते का? नाही. मिशिगन विद्यापीठातले थॉमस आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये टायपिंग करणाऱ्यांच्या बोटांचा जोर मोजला. आवश्यक जोराच्या अडीच ते जवळपास चारपट जोर लोक लावत होते. म्हणजे बराचसा जोर अक्षर उमटल्यानंतर, बटण तळावर आपटण्यात जातो.

हा जोर येतो कुठून? बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणून टायपिंग बोटांनी केले तरी हात भरून येतो तो कोपराखाली.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड रेम्पेल यांच्या गटाने १९९७ मध्ये तीन कीबोर्ड तपासले. त्यांच्या बटणांना लागणारा जोर ग्रॅममध्ये सांगायचा तर साधारण ३५, ४८ आणि १०४ होता. १०४ वाल्या कीबोर्डवर बोटांचा जोर आणि कोपराखालच्या स्नायूंची हालचाल, दोन्ही स्पष्टपणे वाढले. स्नायूंवरचा भार कमी ठेवायचा तर जड बटणांपेक्षा सुमारे ४८ ग्रॅम किंवा त्याहून हलकी बटणे बरी, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र लक्षात ठेवा, तुलना १०४ शी होती. ६० वरून ४५ वर आल्याने किती फायदा होतो, हे या प्रयोगातून थेट सांगता येत नाही.

याच गटाने १९९९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाताला मुंग्या येणाऱ्या २० जणांना, एकाच मांडणीचे पण बटणांची अंतर्गत रचना वेगळी असलेले दोन प्रकारचे कीबोर्ड १२ आठवडे दिले. एका प्रकारच्या कीबोर्डवर सहाव्या आठवड्यानंतर वेदना कमी झाल्या. मनगटातल्या नसेच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. हा निकाल विसरू नका. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हलके म्हणजे चांगलेच असे नाही

एवढे वाचून कुणीही सर्वांत हलकी स्प्रिंग मागवेल. तसे करू नये. फार हलक्या बटणांवर बोट नुसते विसावले तरी अक्षर उमटते. मग चुका टाळण्यासाठी बोटे हवेत उचलून धरावी लागतात, आणि बोटे सतत उचलून धरणारे हाताच्या पाठीकडचे स्नायू दमतात. दुखणे फक्त खालून वर सरकते.

दुसरी अडचण परतीची. बटण वर आणण्याचे काम स्प्रिंगच करते. ज्या स्विचमध्ये दाबताना मध्येच एक उंचवटा जाणवतो, त्यात दांड्याला परत येताना धातूच्या पट्टीचा अडथळा ओलांडावा लागतो. स्प्रिंग फार मऊ असेल तर बटण खालीच अडकते. चेरीचा ‘क्लिअर’ हा असाच उंचवट्याचा आणि जड स्विच. हौशी लोकांनी त्यात हलकी स्प्रिंग घालून ‘एर्गो क्लिअर’ हा प्रकार रूढ केला. त्यातही फारच हलकी स्प्रिंग घातली की बटणे सुस्त होतात, हे ते अनुभवाने शिकले. स्पेस, एन्टर, शिफ्ट ही लांब बटणे तर आधीच जड असतात आणि त्यांना तोलणारी तारही असते. तिथे जरा दमदार स्प्रिंग लागते.

फरक किती ठेवायचा यालाही विज्ञान आहे. दोन जोरांतला फरक बोटाला कळायला तो साधारण सात ते दहा टक्के असावा लागतो, असे प्रयोगांतून दिसते. ४५ आणि ४७ ग्रॅममधला फरक बहुतेकांना कळणार नाही, ४५ आणि ५० मधला कळू शकेल. म्हणून दोन-दोन ग्रॅमच्या फरकाची पाकिटे जमवण्यात पैसे घालवू नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगाही मिळतात. बोटाला त्याचा काही फायदा नाही. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग पुरेशी आहे.

मराठी टायपिंगमधली करंगळी

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत ख, घ, थ, ध, ण, श, ळ ही अक्षरे शिफ्ट धरून येतात. इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाला. मराठीत ‘शाळा’ एवढ्या एका शब्दात दोनदा. आणि शिफ्ट दाबते कोण? सर्वांत अशक्त बोट, करंगळी. वर ते बटण नुसते दाबून सोडायचे नसते, दुसरे अक्षर उमटेपर्यंत धरून ठेवायचे असते, म्हणजे स्प्रिंगचा तळाशी असलेला पूर्ण जोर सोसत.

जपानच्या टोप्रे कंपनीने ‘रिअलफोर्स’ कीबोर्डच्या काही प्रकारांत बोटांनुसार ३०, ४५ आणि ५५ ग्रॅमची बटणे दिली. करंगळीकडे सर्वांत हलकी. स्प्रिंग बदलता येणाऱ्या कीबोर्डवर हे घरीही करता येते. शिफ्टखाली स्प्रिंग एक पायरी हलकी घालून बघावी आणि ती नीट वर येते ना, हे तपासावे. एक फुकटचा उपायही आहे. विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडली की पुढच्या अक्षराला ती लागू होते.

आठ नाणी आणि थर्माकोल

मैत्रिणीच्या कीबोर्डला किती जोर लागतो, हे आम्ही नाण्यांनी मोजले. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. नाणे बटणापेक्षा रुंद असल्यामुळे ते शेजारच्या बटणांवर टेकते; म्हणून बटणावर आधी थर्माकोलचा छोटा ठोकळा ठेवला आणि त्यावर अलगद एकेक नाणे. सात नाण्यांपर्यंत पडद्यावर काही नाही. आठवे ठेवले आणि अक्षर उमटले. म्हणजे ६० च्या आसपास. तिच्या जुन्या लॅपटॉपच्या हलक्या बटणांवरून ती एकदम इथे आली होती.

स्प्रिंग बदलण्याचे काम कौशल्याचे कमी आणि चिकाटीचे जास्त. आधी बघायचे की कीबोर्ड ‘हॉट-स्वॅप’ आहे का, म्हणजे स्विच नुसते ओढून काढता येतात का. सोल्डर केलेले असतील तर ते काम जाणकाराकडे द्यावे. वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात. मग केबल काढायची, बटणांच्या टोप्या काढायच्या, चिमट्याने स्विच सरळ वर ओढायचा. त्याच्या डबीच्या खाचा छोट्या ओपनरने सैल केल्या की वरचा अर्धा निघतो. दांडा काढायचा, जुनी स्प्रिंग काढून नवी ठेवायची आणि परत बसवायचे. दांड्याचे दोन पाय धातूच्या पट्टीकडे यायला हवेत, आणि ती पट्टी वाकता कामा नये. वाकली तर बटण कामातून जाते. स्प्रिंगेचा किणकिण आवाज नको असेल तर सगळ्या स्प्रिंगा झिपच्या पिशवीत घालून पातळ वंगणाचे काही थेंब टाकायचे आणि पिशवी हलवायची.

संपूर्ण कीबोर्डला शंभरच्या आसपास बटणे असतात. एका बटणाला दोन-तीन मिनिटे धरली तरी अख्खी दुपार जाते. म्हणून आधी करंगळीची आणि अनामिकेची पाच-सहा बटणेच बदलावीत, आठवडाभर वापरावीत आणि मग ठरवावे. आम्ही तसेच केले. नंतर सगळा कीबोर्ड ४५ वर आणला. पहिले तीन दिवस तिच्या चुका वाढल्या, मग बोटे रुळली. पंधरा दिवसांत कोपराखालचे दुखणे बरेच कमी झाले, करंगळीही संध्याकाळपर्यंत टिकू लागली.

स्प्रिंगेच्या आवाक्याबाहेरचे

एक तक्रार मात्र तशीच राहिली. रात्री झोपेत तिच्या उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर व्हायचे. हात झटकला की बरे वाटायचे. ती म्हणायची, ‘आणखी हलकी स्प्रिंग घालून बघू.’ इथे मी तिला थांबवले. दिवसभर राबणारी करंगळी बधिर होत नव्हती, ही त्यातली खूण होती. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस वाहून नेते. त्या बोगद्यात दाब वाढला की रात्री याच बोटांना मुंग्या येतात. यालाच कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. करंगळीची नस वेगळी, तिची वाटही वेगळी.

हा आजार कीबोर्डमुळेच होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तंत्रज्ञांना वर्षभर तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कीबोर्डच्या वापराशी त्याचा ठोस संबंध आढळला नाही. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गर्भारपण, संधिवात ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. मैत्रिणीच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करायला सांगितली आणि थायरॉइड कमी काम करत असल्याचे निघाले. औषध सुरू झाले, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आला आणि काही आठवड्यांत झोप लागू लागली. आणखी दोन महिने ती स्प्रिंगाच बदलत बसली असती तर नसेवरचा दाब वाढत राहिला असता. हा त्रास लांबला की अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू झिजतो आणि तो भरून येणे कठीण असते.

तेव्हा बोटे बधिर होत असतील, रात्री झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील तर कीबोर्डला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दिवसभराच्या कामानंतर नुसता हात भरून येत असेल तर आधी बैठक बघा. मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, त्यामुळे मनगट वर वाकते. मागचे पाय दुमडून ठेवा, कोपर साधारण काटकोनात राहील अशी खुर्ची घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने हात खाली सोडा. मग नाणी घेऊन बटण मोजा. आठ नाणी लागत असतील आणि बोटे दमत असतील तर सहा नाण्यांची स्प्रिंग घालून बघायला हरकत नाही.

आणि सर्वांत आधी, आज टायपिंग करताना दोन मिनिटे फक्त आवाज ऐका. प्रत्येक बटण तळावर खाडखाड आपटत असेल तर बोटे अजून इन्स्टिट्यूटमधल्या सरांचेच ऐकत आहेत. जोर कमी करा. अक्षर तेवढेच काळे उमटेल.